ऐन उमेदीतला कंपवात

खांदा आखडतो. शर्टाच्या बाहीत हात घालताना किंवा ब्लाउजचे हूक लावताना दुखतो. वय अडतीस, चाळीस. हाडांचे डॉक्टर ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात, शेक आणि फिजिओथेरपी सुरू होते. बहुतेकांच्या बाबतीत ते निदान बरोबरही असतं. काही जणांचा खांदा मात्र महिनोन्‌महिने सुटत नाही, आणि मग घरातल्याच कुणाच्या तरी लक्षात येतं की चालताना त्या बाजूचा हात हलतच नाही, अंगाला चिकटून राहतो. सही बारीक होत चालली आहे. दात घासताना, अंडं फेटताना, मोबाइलवर टाइप करताना एकच हात मागे पडतो. तरुण वयातला पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात, पुष्कळदा असा आडवाटेने येतो.

नावात कंप असला तरी थरथर प्रत्येकाला होतेच असं नाही. तरुणांमध्ये तर पहिली तक्रार बरेचदा पायाची असते. सकाळी उठल्यावर किंवा थोडं पळल्यावर पायाचा अंगठा वर ताठ होतो, बोटं आत वळतात, घोटा वाकडा होतो. याला डिस्टोनिया म्हणतात. त्याच्याही आधी काही वर्षं बद्धकोष्ठता, वास कमी येणं, झोपेत हातपाय झाडणं, कारण नसताना मन उदास राहणं यांपैकी काहीतरी सुरू झालेलं असू शकतं. पण चाळिशीच्या माणसाने या तक्रारी सांगितल्या तर ‘कामाचा ताण आहे’ असं उत्तर मिळतं, आणि ते त्यालाही पटतं.

पन्नाशीच्या आत लक्षणं सुरू झाली तर त्याला ‘लवकर सुरू झालेला’ पार्किन्सन्स म्हणण्याची पद्धत आहे. पाश्चात्त्य देशांत एकूण रुग्णांपैकी साधारण 5 ते 10 टक्के रुग्ण या गटात मोडतात. हॉलिवूडचा अभिनेता मायकल जे. फॉक्स याला 1991 साली निदान झालं तेव्हा तो 29 वर्षांचा होता. त्याने ते जगाला 1998 मध्ये सांगितलं, तोवर तो कॅमेऱ्यासमोर हात लपवत काम करत राहिला.

हा म्हाताऱ्यांचा आजार थोडा आधी आला, एवढंच समजून लोक पुढचे निर्णय घेतात आणि तिथेच गणित चुकतं. सत्तरीत निदान झालेल्याला औषधं दहा-पंधरा वर्षं पुरवायची असतात. अडतिसाव्या वर्षी निदान झालेल्याला तीस-चाळीस. गोळी कोणती, नोकरी किती वर्षं, मूल आत्ता की नंतर, शस्त्रक्रिया कधी, हे सगळे प्रश्न त्या लांब पल्ल्यावर ठरतात.

शिक्का मारण्याआधी

पार्किन्सन्सचं निदान रक्त तपासून होत नाही. साधा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट बोटं आपटायला लावतो, मनगट फिरवून कडकपणा बघतो, चालायला लावतो, आणि त्यावरून ठरवतो. तरुण रुग्णात मात्र दोन गोष्टी आधी बाजूला काढाव्याच लागतात, कारण त्या बऱ्या होण्यासारख्या असतात.

पहिली गोष्ट, घरातला औषधांचा डबा. चक्करेसाठी दिलेली सिनारिझिन, अर्धशिशीसाठी दिलेली फ्लुनारिझिन, उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रामाइड आणि काही मनोविकारांवरची औषधं मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं निर्माण करतात. आपल्याकडे यात लेवोसल्पिराइडचा विशेष उल्लेख करायला हवा. ॲसिडिटीच्या गोळीला जोडून ते सर्रास दिलं जातं, आणि रुग्ण ‘गॅसची गोळी’ म्हणून ते वर्षानुवर्षं घेत राहतो. न्यूरॉलॉजिस्टने ‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारल्यावर गॅसची गोळी कुणी मोजतच नाही. ही औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केली की बहुतेकांची लक्षणं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतात. म्हणून पहिल्या भेटीला सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत.

दुसरी गोष्ट विल्सनचा आजार. यात शरीराला तांबं बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृतात आणि मेंदूत साचत जातं. रक्तातलं सेरुलोप्लास्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला दिसणारं तपकिरी कडं यांवरून तो ओळखता येतो. त्यावर औषध आहे, म्हणून तो निसटू देणं परवडत नाही. तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, दोष जनुकातला असतो. मात्र ज्याला तो झाला आहे त्याने तो लोटा बाजूलाच ठेवावा.

शंका उरलीच तर मेंदूतलं डोपामिनचं काम दाखवणारे विशेष स्कॅन मोठ्या शहरांत होतात. औषधांमुळे झालेला प्रकार आणि खरा पार्किन्सन्स यांतला फरक त्यात कळू शकतो. सगळ्यांनी ते करून घेण्याची गरज नसते.

आत काय घडतं, आणि जनुकांचा भाग

मेंदूच्या मध्यभागी काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग आणि आकार ठरवणं हे त्याचं काम. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. त्यातल्या जवळपास निम्म्या गेल्यानंतरच हातापायांत लक्षणं दिसू लागतात, म्हणजे निदानाच्या दिवशी आजार जुना झालेला असतो.

लक्षणं जितक्या कमी वयात, तितका जनुकाचा हात असण्याची शक्यता जास्त. पार्किन नावाचं जनुक जपानी संशोधकांनी 1998 मध्ये शोधलं. अगदी कोवळ्या वयात सुरू होणाऱ्या रुग्णांत त्यातला बिघाड बराच आढळतो. हा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. महाराष्ट्रात अनेक समाजांमध्ये मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर तो प्रश्न विचारतात. यात कुणाला दोष देण्याचा हेतू नसतो, हे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तपासणीच्या खोलीत भलताच वाद उभा राहतो.

तरुण रुग्णांना सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न ‘माझ्या मुलांना होईल का?’ हा असतो. पार्किनसारख्या जनुकाचा प्रकार असेल तर मुलं बहुधा वाहक राहतील, आजार होणार नाही; जोडीदारही वाहक असेल तरच धोका. एलआरआरके-2 किंवा जीबीए या जनुकांचं गणित वेगळं आहे. तिथे एकाच पालकाकडून आलेला दोषही धोका वाढवतो, पण तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. चाचणी करायची तर जनुकीय समुपदेशन घेऊन करावी, इंटरनेटवरून किट मागवून नव्हे.

तरुणांच्या आजाराचे दोन स्वभाव लक्षात ठेवावेत. तो सहसा संथ चालतो; स्मरणशक्ती आणि तोल बराच काळ टिकतात. पण औषधांमुळे येणाऱ्या अनावर हालचाली आणि दिवसभरातले चढउतार तरुणांना लवकर गाठतात.

गोळीची भीती आणि गोळीचा हिशेब

लेवोडोपा हे या आजारावरचं अजूनही सगळ्यात परिणामकारक औषध. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. सोबत कार्बिडोपा जोडलेलं असतं, त्यामुळे ते वाटेतच खर्च होत नाही आणि मळमळही कमी होते. आपल्याकडे बरेच जण त्याला ब्रँडच्या नावाने ‘सिंडोपा’ म्हणूनच ओळखतात.

या गोळीबद्दल एक समजूत घट्ट रुजली आहे: ती पाच वर्षंच चालते, म्हणून जमेल तितकी लांबवावी. कित्येक तरुण रुग्ण हात चालत नसताना, नोकरी धोक्यात आलेली असताना गोळी ‘शिल्लक’ ठेवतात. मला हा त्रास फुकटचा वाटतो. आफ्रिकेतल्या घानामध्ये लेवोडोपा सहज मिळत नसे, त्यामुळे तिथल्या रुग्णांचे उपचार उशिरा सुरू होत. त्यांची तुलना इटलीतल्या रुग्णांशी करणारा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. अनावर हालचाली दोन्हीकडे आजार साधारण तितकाच जुना झाल्यावर सुरू झाल्या होत्या. गोळी उशिरा सुरू करून घानाच्या रुग्णांच्या हाती काही लागलं नव्हतं, मधली वर्षं मात्र हातची गेली होती. 2019 मधल्या नेदरलँड्सच्या अभ्यासातही लवकर सुरू केलेल्या लेवोडोपाने आजार वाढलाही नाही आणि थांबलाही नाही. डोस मात्र वजनाच्या मानाने जास्त असेल तर अनावर हालचालींचा धोका खरंच वाढतो. म्हणून काम भागेल इतका कमी डोस ठेवणं शहाणपणाचं. गोळीच टाळणं नव्हे.

पहिली काही वर्षं गोळी छान चालते आणि मग तिचा असर दोन-तीन तासांत का संपतो, हे नळाच्या पाण्यावरून समजतं. गच्चीवर मोठी टाकी असेल तर नगरपालिकेचं पाणी सकाळी तासभरच आलं तरी घरात दिवसभर नळ चालतो. टाकी लहान होत गेली की पाणी येतं तेवढ्यापुरताच नळ चालतो, गेलं की कोरडा. उरलेल्या पेशी म्हणजे ही टाकी. सुरुवातीला त्या गोळीतलं डोपामिन साठवून पुरवून पुरवून वापरतात. पेशी कमी झाल्या की गोळी चढली तेव्हा माणूस ‘ऑन’, उतरली की ‘ऑफ’. चढलेली असताना पाणी जोरात आलं की अंग वेडंवाकडं डोलतं, त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. लोक त्यालाच आजाराचा कंप समजतात, पण ती औषधाची बाजू आहे. अशा वेळी डोस लहान करून जास्त वेळा देणं, एंटाकापोन किंवा रासाजिलिनसारखी जोड देणं, डोलण्यासाठी अमांटाडिन वापरणं असे उपाय डॉक्टर करतात. कोणत्या वेळी चढतं आणि कोणत्या वेळी उतरतं याची आठवडाभराची नोंद वहीत लिहून नेली तर दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना फार मदत होते.

वेळेचा आणखी एक भाग पोटात घडतो. लेवोडोपा आणि प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने आत जातात, त्यामुळे मटकीची उसळ, अंडी किंवा पनीर भरपेट खाऊन वर गोळी घेतली तर ती वाटेत अडते. जेवणाआधी अर्धा ते एक तास गोळी घ्यावी. चढउतार सुरू झालेल्यांना प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ढकलण्याचा फायदा होतो. प्रथिनं बंद करायची मात्र नाहीत. लोहाची गोळीही लेवोडोपाला धरून ठेवते. तरुण स्त्रियांना ती बरेचदा चालू असते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं. आणि चतुर्थी असो, नवरात्र असो, गोळी उपवास करत नाही. लेवोडोपा अचानक बंद केली तर तीव्र ताप आणि कमालीचा ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

तरुणांना सुरुवातीला बरेचदा प्रॅमिपेक्झोल किंवा रोपिनिरोल देतात. ही औषधं डोपामिनची नक्कल करतात, त्यांच्यामुळे डिस्कायनेशिया उशिरा येतो. पण त्यांची एक बाजू कुटुंबाला आधीच स्पष्ट शब्दांत सांगायला हवी, आणि ती सांगितली जात नाही. काही रुग्णांचा मनावरचा लगाम सुटतो. जुगार, शेअर बाजारातली सट्टेबाजी, रात्रभर ऑनलाइन खरेदी, लैंगिक इच्छेचा अतिरेक, गोड खाण्याचा सपाटा. तरुण पुरुषांत हा धोका जास्त असतो. माणूस लाजेने लपवतो, बायकोला वाटतं नवरा बिघडला, आणि बचत संपल्यावर गोळीचा संबंध लक्षात येतो. डोस कमी केल्यावर किंवा औषध सावकाश बंद केल्यावर बहुतेकांचं हे वागणं आटोक्यात येतं. त्यामुळे ही औषधं सुरू असताना बँकेचे मेसेज जोडीदाराच्या फोनवरही येतील अशी सोय करणं हा अविश्वास नव्हे. याच औषधांनी अचानक झोपही लागू शकते. गाडी चालवणाऱ्याने ते डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं.

आणि खाजकुइली. कोकणात, घाटात पावसाळ्यात अंगाला लागली की आग आग करणारी तीच वेल. तिच्या बियांत लेवोडोपा खरोखरच असतं. भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी 1937 मध्ये ते वेगळं काढून दाखवलं होतं, गोळी येण्याच्या कितीतरी आधी. आयुर्वेदात कंपवातासाठी या बिया, म्हणजेच कवचबीज, वापरतात. म्हणजे ‘ॲलोपॅथी नको म्हणून कवचबीज घेतो’ म्हणणारा माणूस घेतो तेच औषध, फक्त न मोजता. चूर्णात ते किती आहे हे प्रत्येक वेळी सारखं नसतं. गोळीच्या जोडीला न सांगता ते घेतलं तर डोस नकळत वाढतो. घ्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून घ्यावं.

शस्त्रक्रिया

मेंदूत बारीक तारा बसवून छातीतल्या बॅटरीतून त्यांना विजेचे स्पंद देण्याची पद्धत, डीबीएस, फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे 1987 पासून विकसित झाली. ती आजार थांबवत नाही. चढउतार सपाट करते, गोळ्या कमी करते. नियम साधा आहे: लेवोडोपाने जे सुधारतं ते डीबीएसने सुधारतं, जे गोळीने सुधारत नाही ते बहुधा यानेही नाही, थरथर हा अपवाद. पूर्वी शेवटचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहत. 2013 मध्ये जर्मनी आणि फ्रान्समधल्या अभ्यासात साठीच्या आतल्या, चढउतार नुकतेच सुरू झालेल्या रुग्णांना नुसत्या औषधांपेक्षा तिचा जास्त फायदा झाला. खर्च लाखांत जातो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, हा हिशेब तरुणाने आधीच मांडावा.

घाम येईल इतकं

व्यायामाबद्दल सगळेच सांगतात, पण किती ते सांगत नाहीत. अमेरिकेतल्या 2018 च्या अभ्यासात नव्या रुग्णांना सहा महिने आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर चालायला सांगितलं. हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत नेणाऱ्या गटाची लक्षणं जवळपास जिथल्या तिथे राहिली, व्यायाम न करणाऱ्यांची वाढली. म्हणजे मैत्रिणीशी गप्पा मारत बागेत मारलेली फेरी पुरेशी नाही. बोलताना दम लागायला हवा. सुरू करण्याआधी हृदय तपासून घ्यावं. ज्यांचे पाय दारात किंवा गर्दीत जमिनीला खिळतात त्यांना ताल उपयोगी पडतो. मनात ‘एक-दोन’ मोजणं, फरशीची रेघ ओलांडायची असं ठरवून पाऊल उचलणं, आवडीच्या गाण्याच्या ठेक्यावर चालणं. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालतात, ते याच तत्त्वावर.

घर आणि नोकरी

स्त्रियांच्या काही तक्रारी पुरुषांनी भरलेल्या ओपीडीत बोलल्याच जात नाहीत. पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेकींची लक्षणं वाढतात आणि नेहमीची गोळी पुरत नाही. हे मनाचे खेळ नव्हेत, नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवावं. मूल हवं असेल तर गर्भ राहण्याआधीच औषधं तपासून घ्यावीत. गरोदरपणात अमांटाडिन टाळतात, लेवोडोपा त्या मानाने सुरक्षित मानली जाते.

चेहऱ्याचे स्नायू ताठरले की माणूस हसत नाही असं दिसतं. लहान मुलांना वाटतं बाबा रागावलेत, सहकाऱ्यांना वाटतं ही गर्विष्ठ झाली. अडखळत चालणाऱ्या तरुणाकडे पाहून लोक ‘दुपारीच घेऊन आलाय’ म्हणतात. मुलांना आजाराचं नाव सांगून टाकावं. त्यांची कल्पना बहुधा खऱ्या गोष्टीपेक्षा भयंकर असते.

मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून काम करते; पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे गेल्यावर सत्तरीतली मंडळी पाहून तरुण रुग्ण दचकतो, आणि त्यात चूक नाही. वीस वर्षांनंतरचं स्वतःचं रूप आज पाहायची सक्ती कुणावर नको. आपल्या वयाची दोन माणसं त्या गटात शोधून त्यांच्याशी वेगळं बोलावं.

नोकरीत कधी सांगायचं याला एकच उत्तर नाही. लपवायला रोज जी ताकद लागते ती कामापेक्षा जास्त झाली की वेळ आली समजावं. सांगण्याआधी कायदा माहीत हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये पार्किन्सन्सचा नाव घेऊन समावेश आहे. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही किंवा पदावनती करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर घ्यावं लागतं. खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण ठेवणं बंधनकारक आहे, पण तिथलं संरक्षण तितकं पक्कं नाही, म्हणून जे बोलणं होईल ते ईमेलवर असू द्यावं. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. सुरुवातीच्या वर्षांत 40 टक्के भरत नाहीत; तेव्हा हिरमुसून कागद फेकू नयेत, आजार पुढे सरकल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. विम्याच्या अर्जात मात्र निदान लपवू नये. ते उघड होतं ते नेमकं दावा करायच्या वेळी, आणि तेव्हा कंपनीला नकार द्यायला तेवढं कारण पुरू शकतं.